दाताच्या उपचारांची धास्ती आहे? गुंगी घेण्याआधी हे वाचा

दाढ ठणकत असते, रात्रभर लवंग धरून बसता येतं, पण सकाळी दवाखान्याची पायरी काही चढवत नाही. अशा मंडळींसाठी हे लिहितेय. धास्तावलेल्या पेशंटला गुंगी देऊन दातांचे उपचार करता येतात हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांची समजूत अशी, की झोपवतात, दात काढतात, आपण उठून घरी. प्रत्यक्षात यात चार-पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीची तयारी वेगळी.

मी रूट कॅनाल गॅसवर, म्हणजे नाकाने गुंगीचा वायू हुंगत, करून घेतलं आहे आणि अक्कलदाढ सलाईनमधून गुंगी घेऊन काढली आहे. भाच्याच्या दातांचं काम पूर्ण भूल देऊन झालं तेव्हा थिएटरबाहेर मीच बसले होते. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. आपण काय विचारायचं आणि काय सांगायचं, तेवढं इथे आहे.

१. आधी नेमकी भीती कशाची, ते ठरवा

‘मला डेंटिस्टची भीती वाटते’ एवढ्याने डॉक्टरला काहीच कळत नाही. ही भीती मोजायची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. त्यात पाच प्रसंग असतात: उद्या दवाखान्यात जायचंय, बाहेर नंबर लावून बसलोय, ड्रिल सुरू होणार आहे, दात साफ करणार आहेत, वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे, ५ म्हणजे कमालीची घबराट. बेरीज १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजतात. बेरजेइतकंच, कोणत्या प्रसंगाला ५ पडले तेही बघा.

सुईचीच भीती असेल, तर आधी हिरडीवर बधिर करणारी जेल किंवा स्प्रे लावून, सावकाश इंजेक्शन देणारा डॉक्टर मिळाला की अर्धं काम होतं. आरसा मागे गेला की उमासे येतात, अशांना गॅसचा चांगला उपयोग होतो. ड्रिलच्या आवाजाने अंगावर काटा येत असेल तर साधे इअरफोन लावून बघा. आणि ‘आपल्या हातात काही राहणार नाही’ ही भीती असेल, तर जड गुंगी उलट जास्त त्रास देते. त्यापेक्षा ‘मी डावा हात वर केला की थांबायचं’ असं आधी ठरवून घेतलेलं बरं.

बऱ्याच जणांना खरी लाज वाटत असते ती तोंडाच्या अवस्थेची. दात किडलेत, वास येतो, डॉक्टर बोलतील. बोलले तर डॉक्टर बदला, तेवढ्यासाठी गुंगी घेऊ नका.

२. गुंगीने दुखणं थांबत नाही

गुंगीचं औषध भीती कमी करतं. दुखणं थांबवतं ते हिरडीतलं बधिर करणारं इंजेक्शन, आणि गोळी घ्या, गॅस घ्या, सलाईन लावा, ते इंजेक्शन द्यावंच लागतं. गुंगीत असताना त्याचं फारसं काही वाटत नाही, एवढाच फरक. हे आधी माहीत नसेल तर ‘गॅस दिलाय ना, मग सुई कशाला?’ म्हणून ऐन खुर्चीत वाद होतो.

बधिर करायला बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात आणि त्यात थोडं अ‍ॅड्रेनलीन मिसळलेलं असतं. त्यामुळे इंजेक्शननंतर मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते, हात थरथरतात. पुष्कळ लोक यालाच ‘मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे’ म्हणत आयुष्यभर दात सांभाळत बसतात. खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. पूर्वी असं झालं असेल तर काय झालं होतं, किती वेळ टिकलं, अंगावर पित्त उठलं होतं का, श्वास लागला होता का, हे जसंच्या तसं सांगा.

दुसरी गोष्ट सुजेची. गालफड सुजून आलेलं असताना, पू झालेला असताना बधिरपणा नीट चढत नाही, कारण तिथली आम्लता औषधाला काम करू देत नाही. म्हणजे भीतीपोटी जितकं लांबवाल, तितकं दुखण्याची शक्यता वाढते. पहिल्या कळेलाच गेलात तर कदाचित गुंगीची गरजही पडणार नाही.

३. पर्याय कोणते

गोळी. अल्प्राझोलम, डायझेपाम किंवा तत्सम औषध तास-अर्धा तास आधी देतात. स्वस्त आणि सोपा पर्याय, पण गोळी पोटात गेली की तिचा असर कमी-जास्त करता येत नाही. एकाला काहीच होत नाही, दुसरा पेंगतो. डायझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. ही औषधं ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत, म्हणजे केमिस्टला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. ‘घरात आजोबांच्या झोपेच्या गोळ्या आहेत, त्यातलीच घेतो’ हा प्रकार कृपा करून करू नका. एकीने काही वाटलं नाही म्हणून दुसरी घेणं त्याहून वाईट, कारण दोन्हींचा असर एकदम चढतो.

गॅस. म्हणजे नायट्रस ऑक्साइड, लोकांच्या तोंडी लाफिंग गॅस. नाकावर छोटा मास्क ठेवतात आणि ऑक्सिजनसोबत तो देतात. सुरुवात शुद्ध ऑक्सिजनने, मग नायट्रसचं प्रमाण हळूहळू वाढवत साधारण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत नेतात. दातांसाठीच्या यंत्रात ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही, अशी सोय असते. काही मिनिटांत असर येतो, बंद केला की काही मिनिटांत उतरतो. तुम्ही जागे असता, बोलता, सांगितलं की तोंड उघडता. या गॅसचा भुलीसाठी वापर सुरूच मुळी दातापासून झाला. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या डेंटिस्टने गॅस हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली होती!

माझं मत विचाराल तर प्रौढांनी आधी हाच पर्याय मागावा. अडचण एवढीच, की यंत्र सगळीकडे नसतं. मोठ्या शहरांत, त्यातही लहान मुलांच्या डेंटिस्टकडे, मिळण्याची शक्यता जास्त.

सलाईनमधून गुंगी. हातावरच्या शिरेत सुई लावून मिडाझोलामसारखं औषध थेंबाथेंबाने देतात, कधी सोबत फेंटानिल, प्रोपोफोल किंवा डेक्समेडेटोमिडिन. असर लगेच दिसतो, त्यामुळे मात्रा जुळवून घेता येते. मिडाझोलामची खासियत म्हणजे नंतर फारसं आठवत नाही. अक्कलदाढ, एकदम पाच-सहा दात काढणं, इम्प्लांट अशा लांबलचक कामांना हा पर्याय उत्तम. यासाठी भूलतज्ज्ञ दवाखान्यात येतात. तालुक्याच्या गावी गॅसचं यंत्र नसलं तरी नर्सिंग होममध्ये येणारे भूलतज्ज्ञ असतात, त्यामुळे तिथे हीच वाट सोपी पडते.

पूर्ण भूल. ही हॉस्पिटलच्या थिएटरमध्ये, श्वासनलिकेत नळी घालून. तोंडभर दात किडलेलं लहान मूल, सहकार्य करू न शकणारी विशेष गरजा असलेली व्यक्ती, मोठी शस्त्रक्रिया, यांच्यासाठी. एका रूट कॅनालसाठी कुणी पूर्ण भूल सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या.

४. डॉक्टरला काय काय सांगायचं

या भागात कंजुषी नको. रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड, फिट्स हे बहुतेक जण सांगतात. खालच्या गोष्टी मात्र हमखास राहून जातात:

- रात्री मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. गुंगीत घसा सैल पडतो, त्यामुळे हे भूलतज्ज्ञाला कळायलाच हवं.
- गुटखा, मावा, सुपारी, तंबाखू, मिशरी. वर्षानुवर्षं गुटखा-सुपारी खाऊन तोंड कमी उघडू लागलं असेल तर वेळ पडल्यास श्वासाची नळी घालणं अवघड होतं. घरीच बघा: स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का?
- दारू किती आणि किती वेळा. रोज घेणाऱ्यावर गुंगीची औषधं वेगळीच वागतात. सासू-सासऱ्यांसमोर सांगता येत नसेल तर ‘डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय’ म्हणा.
- बी-१२ कमी आहे का. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-१२ निकामी करतं. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास असते. रिपोर्टमध्ये कमी आलं असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर गॅसच्या आधी सांगा.
- रक्त पातळ करणारी गोळी. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारायचं.
- मधुमेहाची किंवा वजन कमी करण्याची नवी औषधं. सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनने पोट उशिरा रिकामं होतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते काही दिवस आधी थांबवायला सांगू शकतात.
- गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर ते. पहिल्या तीन महिन्यांत गॅस टाळतात. बाळ अंगावर पीत असेल तर तेही.
- नुकतंच डोळ्याच्या पडद्याचं किंवा कानाचं ऑपरेशन. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला असेल तर नायट्रस अजिबात चालत नाही.
- सर्दी. नाक चोंदलं असेल तर नाकावरच्या मास्कचा उपयोग शून्य. तारीख पुढे ढकला.
- घरात कुणाला भुलीचा कधी गंभीर त्रास झाला होता का.

५. दवाखाना ठरवताना

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: डॉक्टर माझ्या तोंडात काम करत असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार? सलाईनच्या गुंगीत याचं उत्तर ‘भूलतज्ज्ञ, आणि ते पूर्ण वेळ खोलीत असतील’ असंच यायला हवं. दात काढणारा आणि गुंगी देणारा एकच माणूस, असं असेल तर मी तिथून उठेन.

मग पुढचं विचारा. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, रक्तदाब, ईसीजी आहे ना? ऑक्सिजनचा सिलेंडर भरलेला आहे ना? गुंगी उतरवणारं औषध, म्हणजे फ्लुमाझेनिल, आणि फेंटानिल देणार असतील तर नॅलोक्झोन, जवळ आहे ना? गरज पडली तर कोणत्या हॉस्पिटलला हलवणार? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ‘एवढं काय घाबरता, आम्ही रोज करतो’ हे उत्तर नव्हे. भूलतज्ज्ञाचं नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला तर त्यातही वावगं काही नाही.

खर्चाचं आधीच लिहून घ्या. दाताचं काम, भूलतज्ज्ञाची फी, औषधं, यंत्राच्या वापराचे पैसे हे सहसा वेगवेगळे लावतात आणि फोनवर सांगितलेला आकडा नुसत्या दाताच्या कामाचा असतो. विम्याच्या भरवशावर राहू नका. अपघात सोडला तर दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. खासगीतलं झेपणार नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे गर्दी असते, फेऱ्या जास्त होतात, पण मुखशल्य (तोंडाच्या शस्त्रक्रिया) आणि बालदंत (मुलांचे दात) असे स्वतंत्र विभाग असतात. गुंगीची सोय त्या त्या विभागात जाऊन विचारा, केसपेपरच्या खिडकीवर याचं उत्तर मिळत नाही.

६. सोबत काय न्यायचं

ओळखपत्र, जुन्या चिठ्ठ्या, सध्याच्या सगळ्या औषधांची पाकिटं (नावं आठवत बसण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत टाका, आयुर्वेदिक काढे-गोळ्यासुद्धा), दाताचे एक्स-रे, सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी, हृदयाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर त्या डॉक्टरांचं पत्र. आणि सोबत एक धडधाकट प्रौढ माणूस, जो शेवटपर्यंत थांबेल. ‘सोडून जातो, झालं की फोन कर’ असं म्हणणारा चालणार नाही.

संमतीपत्र मराठीत मागा. खुर्चीत बसल्यावर, गोळी घेतल्यावर सही करायची नाही, आधी वाचून करायची.

७. पोट रिकामं म्हणजे किती रिकामं

सलाईनची गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर साधारण नियम असा: पाणी २ तास आधीपर्यंत, हलकं खाणं आणि दूध ६ तास आधीपर्यंत, तळकट किंवा जड जेवण ८ तास आधीपर्यंत. तुमचे भूलतज्ज्ञ याहून कडक सांगतील तर त्यांचं ऐका. गुंगीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

सगळे फसतात ते चहाला. आपला चहा दुधाचा, त्यामुळे तो ‘फक्त चहाच घेतला’ म्हणून माफ होत नाही. त्याला दुधाचेच ६ तास लागतात. दुसरा फसवा प्रकार उपवासाचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘मी उपाशीच आहे’ म्हणणारी माणसं दर नर्सिंग होममध्ये भेटतात. तूप, शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी ही जड खाण्यातच धरायची. खाल्लंच असेल तर सरळ सांगा, तारीख पुढे जाईल एवढंच.

रक्तदाबाची गोळी सहसा घोटभर पाण्यासोबत चालू ठेवतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र रिकाम्या पोटी नेहमीसारखं घेतलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. ‘त्या दिवशीचं काय करू?’ हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि शक्यतो सकाळचा पहिला नंबर मागा. नुसत्या गॅससाठी एवढा कडकपणा नसतो, हलकं खाऊन जायला सांगतात.

नेलपॉलिश काढा, नाहीतर बोटाला लावलेलं यंत्र चुकीचं दाखवू शकतं. बाह्या सैल हव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स आणि काढता येणारी कवळी घरीच.

८. खुर्चीत काय होतं

गॅसचा मास्क रबराचा, गोडसर वासाचा असतो आणि तो फक्त नाकावर बसतो. श्वास नाकानेच घ्यायचा. तोंडाने बोलत राहिलात तर गॅस मिळत नाही आणि ‘मला काही होतच नाही’ म्हणाल. दोन-तीन मिनिटांनी बोटांच्या टोकांना आणि ओठांना झिणझिण्या येतात, मग पाय जड होतात. ड्रिलचा आवाज मला ऐकू येत होता, पण शेजारच्या घरात काहीतरी चाललंय, आपल्याला काय त्याचं, अशा बेताने. मळमळलं किंवा गरगरलं तर लगेच सांगायचं, प्रमाण कमी करतात. शेवटी पाचेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. त्या वेळी घाईने मास्क ओढून उठू नका, डोकं दुखतं.

सलाईनच्या वेळी हाताच्या मागच्या बाजूला एक टोचणी, बस. सुईची भीती असेल तर तिथेही आधी बधिर करणारं मलम लावून मिळतं. पण ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणून आधी सांगा. मला छतावरच्या दिव्याभोवतीची कड धूसर झाल्याचं आठवतं आणि नंतर थेट दाताखाली कापसाचा बोळा. मधल्या वेळात मी डॉक्टरांशी व्यवस्थित बोलत होते, असं नवऱ्याला नंतर सांगण्यात आलं. गाडीत तर मी ‘दाढ दाखवली का तुला?’ हे पुन्हा पुन्हा विचारत होते म्हणे. असं झालं तर सोबतच्याने घाबरू नये. मात्र घरी घ्यायच्या काळजीच्या सूचना पेशंटच्या भरवशावर न सोडता सोबतच्याने लिहून घ्याव्यात.

९. मुलांच्या बाबतीत

मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन अंदाजे सांगू नका, तिथेच करून घ्या. गॅससाठी मुलाला नाकाने श्वास घेणं समजायला हवं, अगदी लहानग्यांना ते जमत नाही. काही ठिकाणी नाकात मिडाझोलामचा फवारा देतात. सुजाण बालदंततज्ज्ञ आधी उपकरण सांगतात, दाखवतात, मग वापरतात. त्यांना तेवढा वेळ द्या आणि आपण मध्ये बोलू नका.

‘सुई टोचणार नाहीत हं’ असं खोटं वचन देऊ नये. आणि ‘मस्ती केलीस तर डॉक्टरकाका इंजेक्शन देतील’ ही धमकी तर आजपासूनच बंद. काम झाल्यावर बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो. बधिरपणा उतरेपर्यंत कुणीतरी समोर बसून राहा.

१०. घरी आल्यावर

सलाईन किंवा गोळीनंतर निदान २४ तास गाडी चालवायची नाही, गॅस-शेगडीपाशी एकटं उभं राहायचं नाही, दारू नाही. घरी जाताना स्कूटरवर मागेही बसू नका, पेंगलात तर तोल जातो. रिक्षा किंवा कार करा. बाथरूमची कडी लावू नका. सही, पैशांचे व्यवहार, ओटीपी, सगळं दुसऱ्या दिवसावर ढकला. गॅसनंतर डॉक्टर हरकत नाही म्हणाले तर बरेच प्रौढ स्वतःचे स्वतः जातात. मी तरी सोबत घेऊन जाईन.

दात काढला असेल तर बोळा दाबून धरा, त्या दिवशी चुळा भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. मऊ, थंडसर खा. दवाखान्याला लगेच फोन कधी करायचा: बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल, उलट्या थांबत नसतील, ताप आला, गिळायला त्रास होतोय किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिरच असेल. पेशंट हाक मारून, हलवूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर फोन दवाखान्याला नव्हे, १०८ ला.

निघण्यापूर्वी भूलतज्ज्ञाच्या नोंदीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. कोणतं औषध, किती दिलं, काही त्रास झाला का, हे त्यात असतं. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी तो कागद दाखवा आणि काम छोटं असेल तर एक पायरी खालचा पर्याय मागून बघा. सलाईनवर दाढ काढून घेतलेल्याला फिलिंगसाठी गॅस पुरू शकतो, आणि साफसफाईला कदाचित नुसते इअरफोन.